कॉम्प्युटरची पॉवर कॉर्ड बदलून आवाज सुधारतो का? दुकानदार ११ हजार सांगतोय

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

मंडळी, जरा सल्ला हवाय. घरी असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, तसा जुनाच, ग्राफिक्स कार्ड टाकलंय कारण चिरंजीव गेम खेळतात. कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोनच्या भोकातून साडेतीन मिमीची वायर अ‍ॅम्पला जाते आणि अ‍ॅम्पला दोन बुकशेल्फ स्पीकर. सकाळी चिरंजीव उठायच्या आत मी रियाजाला बसतो, तानपुरा कॉम्प्युटरवरच लावतो, सफेद एकचा. त्रास असा की मागे सतत घूं असा आवाज असतो आणि माउस हलवला किंवा पान वरखाली केलं की त्यात किर्र किर्र वेगळंच. वर पंचमाची तार सारखी हलल्यासारखी वाटते, अ‍ॅप बदलून पाहिलं, तेच.

शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत एका दुकानात हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला साहेब सोबत आलेली पॉवर कॉर्ड म्हणजे भंगार, वीजच घाण येते मग आवाज कसा स्वच्छ येणार, आणि मनगटाएवढी जाड, जाळीदार कव्हरची, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांची एक कॉर्ड काढून दाखवली. ११ हजार. तुमच्यासाठी साडेदहा. सौ. म्हणाली एवढ्यात खरा तानपुरा दुरुस्त होऊन वर जवारी (तारांखालच्या घोडीची घासणी) काढून होईल. घेऊ का?

खमंग_चकली

साडेदहा हजार?? मी जागा धरून बसलोय, पॉपकॉर्न आणलेत. धागा शतक मारणार.

एसएमपीएसवाला

नका घेऊ. का ते नीट सांगतो, लांबण लागेल.

सोबत येते ती कॉर्ड साधारण दीड मीटर, आत ०.७५ चौरस मिमीची तांब्याची तार. जाऊन-येऊन तिचा रोध होतो सुमारे ०.०७ ओहम. तुमचा पीसी गाणी वाजवताना समजा २०० वॅट खातोय, म्हणजे २३० व्होल्टला एक अँपिअरसुद्धा नाही. कॉर्डमध्ये पडणारं व्होल्टेज किती, तर ०.०६ व्होल्ट. आता मीटरपासून तुमच्या खोलीपर्यंत भिंतीतून २० मीटर दीड चौरसची वायर आली असेल तर तिचाच रोध ०.४६ ओहमच्या आसपास. म्हणजे भिंतीतली वायर तुमच्या त्या "भंगार" कॉर्डच्या सहापट अडवतेय, डीपीपासून मीटरपर्यंतची तर मोजलीच नाही. शेवटचा दीड मीटर सोन्याचा करून काय होणार? गावभर खड्डे आणि आपल्या फाटकासमोर दोन फूट संगमरवर, तसली गत.

दुसरं आणि जास्त महत्त्वाचं. वीज कॉम्प्युटरमध्ये शिरते ती एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यात. तोंडाशीच फिल्टर असतो, मग २३० व्होल्टच्या एसीचा साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतो, तो मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो, मग सेकंदाला हजारो-लाखो वेळा त्याचे तुकडे पाडून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बाहेर. मदरबोर्डवर ते परत रेग्युलेट होतं, ऑडिओ चिपला तिथून पुरवठा. भिंतीतल्या विजेचं मूळ रूप आधीच मोडून नव्याने बनवलेलं असतं. आणि गंमत म्हणजे एटीएक्सच्या (पीसीच्या पॉवर सप्लायचं मानक) नियमात १२ व्होल्टच्या लायनीवर १२० मिलिव्होल्टपर्यंत रिपल (डीसीवर उरलेली लहर) चालतो. म्हणजे खरा कचरा एसएमपीएस स्वतः करतो, त्यात ग्राफिक्स कार्डची भर. कॉर्ड त्या कचऱ्याच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही.

मध्यलय

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). वाखुसा (वाचनखूण साठवली).

कानसेन_कोल्हापूरकर

गणित बरोबर हाय ओ, कोण न्हाई म्हणतंय. पण तुम्ही ऐकलंय का कधी जाड कॉर्ड लावून? का नुसतं वहीवर? माझ्या ट्यूब अ‍ॅम्पला चांगली कॉर्ड लावली आणि पहिल्या आलापातच कळलं, गायक स्पीकरच्या मागं होता तो म्होरं येऊन बसला. सगळं काय मल्टीमीटरवर दिसत न्हाई. रात्री दोन वाजता तीच सिस्टीम संध्याकाळपेक्षा गोड वाजते की न्हाई ते कुठल्याबी शौकिनाला विचारा, कारण लोकांचे मोटार-मिक्सर बंद असतात, लाईन स्वच्छ असते. आणि जपानात तर लोकांनी आवाजासाठी स्वतःच्या अंगणात स्वतंत्र विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतलेत, वर्तमानपत्रात आलंय. ती काय खुळी माणसं हायत?

एसएमपीएसवाला

कानसेन, जपानातल्या खांबाची बातमी खरी आहे. पण पैसे खर्च करणं हा पुरावा नव्हे, नाहीतर आमच्या सोसायटीत वास्तुदोषासाठी संडास फोडलेल्यांचंही खरं धरावं लागेल. रात्री दोनचं म्हणाल तर मिक्सरच नाही, रस्ता, पंखे, टीव्ही, शेजारचं पोरगं सगळंच गप्प असतं. खोलीतला गोंगाट उतरला की आलापाची शेपटी ऐकू येते जी संध्याकाळी बुडून जाते. वायरीचा काय संबंध? आणि तुमचा ट्यूब अ‍ॅम्प आणि यांचा पीसी या गोष्टीच वेगळ्या. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर असतो, तिथे मेन्समध्ये काही आलं तर निदान चर्चा तरी होऊ शकते (फरक पडतो असं तिथेही म्हणत नाहीये). स्विचिंग सप्लायच्या, म्हणजे एसएमपीएसच्या, पुढे ती चर्चासुद्धा नाही.

बे_एरियातला_बंडू

इथल्याच, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, हौशी ऑडिओवाल्या मंडळींनी २००४ साली नेमकी हीच परीक्षा घेतली होती. नॉर्डोस्ट कंपनीची वल्हाला नावाची महागडी पॉवर कॉर्ड विरुद्ध साधी काळी कॉर्ड, ऐकणाऱ्याला कुठली लावलीय ते सांगायचं नाही. सगळ्यांची मिळून १४९ उत्तरं, त्यातली बरोबर ७३. म्हणजे ४९ टक्के, नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. आणि त्यात बसलेले बरेचसे "फरक कळतोच" म्हणणारे होते, सिस्टीमही किरकोळ नव्हती.

कानसेन_कोल्हापूरकर

परीक्षेला बसवल्यावर कान उघडतोय व्हय? मैफलीत कुणी पेपर सोडवत बसतं का? आठवडाभर सोबत राहिल्यावर कळतं ते पाच मिनिटांत कसं कळंल. हघ्या (हलकं घ्या), पण मुद्दा बरोबर हाय का न्हाई सांगा.

खमंग_चकली

मग आठवडाभर तरी कुठली लावलीय ते न बघता राहा की काका. वहिनींना सांगा बदलायला.

कानसेन_कोल्हापूरकर

वहिनी कॉर्ड बदलायच्या आधी सिस्टीमच बदलून टाकंल भंगारवाल्याकडं.

ट्रॅक_तिसरा

मी रेकॉर्डिंग करते, बहुतेक शास्त्रीय आणि थोडी नाटकाची कामं. दोन गोष्टी.

एक, पीसीच्या कॉर्डची तुलना कानाने करणं जवळजवळ अशक्यच आहे, कारण कॉर्ड काढली की मशीन बंद. शट डाऊन, कॉर्ड बदला, परत चालू, प्लेअर उघडा, गाणं शोधा, यात मिनिट-दोन मिनिटं सहज जातात आणि आवाजाच्या बारीक पोताची आठवण कानात एवढा वेळ टिकतच नाही. स्वराची टिकते, लयीची टिकते, पण "थोडं उजळ" "थोडं मोकळं" हे काही सेकंदांतच विरतं. त्यामुळे कॉर्ड बदलून "अहाहा" म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही आणि "शष्प फरक नाही" असं ऐकून सांगणाऱ्यावरही नाही. करायचंच असेल तर दुसरा लॅपटॉप बॅटरीवर चालवा, त्याला ऑडिओ इंटरफेस (आवाज आत घ्यायची डबी) लावा, पीसीचं आउटपुट त्यात रेकॉर्ड करा, एकदा या कॉर्डने एकदा त्या. दोन्ही फायली आरईडब्ल्यू या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून स्पेक्ट्रम बघा, मग फूबार प्लेअरच्या एबीएक्समध्ये (कुठली फाइल ते न सांगता तुलना करायची सोय) टाका आणि ऐका. तिथे एका क्लिकमध्ये इकडून तिकडे जाता येतं. फुकट आहे सगळं.

दुसरी गोष्ट मंद्रसप्तक यांच्यासाठी. तुमची पंचमाची तार खरंच हलतेय, भास नाही. सफेद एकचा तानपुरा म्हणजे षड्ज साधारण १३०.८ हर्ट्झ, मंद्र पंचम ९८. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ती गळून आवाजात शिरली की ५० सोबत १००, १५० असे तिचे गुणितही येतात. आता ९८ चा पंचम आणि त्याला चिकटून १०० ची गुणगुण, सेकंदाला दोन हेलकावे पडणारच. हार्मोनियमच्या दोन स्वरपट्ट्या किंचित बेसूर असल्या की आवाज जसा लाटा मारतो ना, तोच प्रकार. काळी एकचा लावून बघा, पंचम १०४ च्या आसपास जाईल, हेलकावे सेकंदाला दोनाऐवजी चारच्या आसपास होतील, म्हणजे तार जवळजवळ दुप्पट वेगाने हलल्यासारखी वाटेल. म्हणजे तुमच्याकडे खरोखरचा हम (विजेची घूं) आहे. "वीज घाण" वगैरे विसरा, तो हम कुठल्या वाटेने येतोय ते शोधा.

मंद्रसप्तक

ट्रॅक_तिसरा ताई, आत्ता काळी एक लावून बघितलं!! अगदी तस्संच. अंगावर काटा आला हो. मी इतके महिने अ‍ॅपवाल्याला शिव्या देत होतो. पण मग वाट शोधायची कशी? मला मल्टीमीटर धरता येतो, त्यापुढे काही नाही.

वायरमन_वऱ्हाडी

भाऊ एक विचारून राहिलो, कॅबिनेटच्या पत्र्याला उलट्या हातानं हात लावला तर झिणझिण्या येतेत का? पायात चप्पल नसताना?

मंद्रसप्तक

येतात. विशेषतः मागच्या बाजूला, पेन ड्राइव्ह लावताना. घरात सगळ्यांना माहितीये, पावसाळ्यात जास्त. तेवढं चालतं ना?

वायरमन_वऱ्हाडी

काऊन चालते भाऊ! अर्थिंग नाही लागून राहिली तुमच्या पीसीले, ती कॉर्ड-बिर्ड राहू द्या, आधी हे पाहा. एसएमपीएसच्या तोंडाशी जो फिल्टर असते त्याचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याले जोडलेले असतेत. अर्थ जागेवर असली तर गळणारा करंट गुपचूप जमिनीत जाते. अर्थ तुटली का पत्रा लटकते मधातल्या मधात, शंभर-सव्वाशे व्होल्टवर. करंट पाव-अर्धा मिलिअँपिअर, म्हणून माणूस चिकटत नाही, झिणझिण्या येतेत फक्त. पण एसएमपीएस आतून फाटला तर तोच पत्रा सरळ फेज होईन, हे ध्यानात ठेवा.

आता पाहायचं कसं. बोर्डमधला मोठा गोल वरचा होल म्हणजे अर्थ. मल्टीमीटर एसीवर ठेवून फेज ते अर्थ मोजा, जवळपास फेज ते न्यूट्रलएवढंच यायले पाह्यजे. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट ठीक, वीस-तीस आलं तर गडबड. पण भाऊ मीटर फसवते, तार नुसती टेकलेली असली तरी आकडा दाखवते. म्हणून आम्ही फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहतो, पूर्ण पेटला तर अर्थ दमदार. हे तुम्ही करू नका, वायरमन बोलवा, आणि घरात आरसीसीबी (करंट गळला का लाईन तोडणारा स्विच) असली तर ती ट्रिप होईनच, घाबरू नका.

एसएमपीएसवाला

वायरमनभाऊ एकदम मुद्द्यावर. आणि हेच हमचं कारण असू शकतं. पीसीचा पत्रा तरंगतोय आणि अ‍ॅम्पला अर्थ आहे, तर तो गळणारा करंट जमिनीत जायला वाट शोधणार, आणि वाट एकच, तुमच्या ऑडिओ वायरचं शील्ड (बाहेरची जाळी). जी वायर सिग्नलसाठी आहे तिलाच अर्थिंगचं काम लावलंय. अ‍ॅम्पची पिन तीनची आहे ना?

अजून एक, बोर्ड ठीक निघाला तर कॉर्ड तपासा. बाजारात अशा कॉर्ड सर्रास मिळतात ज्यांना पिना तीन असतात पण आत वायरी दोनच, मोठी पिन नुसती शोभेची. कॉर्ड दोन्हीकडून काढा (दोन्हीकडून!!), मल्टीमीटर कंटिन्युइटीवर, एक टोक मोठ्या पिनेला, दुसरं पीसीकडच्या कनेक्टरच्या तीन खाचांपैकी मधल्या खाचेत. पीं वाजलं पाहिजे.

गप्पिष्ट_गोवेकर

हमसाठी एवढं कशाला, अ‍ॅम्पच्या प्लगची मोठी पिन काढून टाका, लूपच (अर्थच्या दोन वाटांचं वेटोळं) तुटतो. माझ्याकडे तसंच केलंय, हम गायब.

ट्रॅक_तिसरा

अहो असं काही सांगू नका लोकांना. हम जातो हे खरं, पण अ‍ॅम्पमध्ये काही बिघाड झाला तर स्पीकरची वायर, गिटार, माइक, सगळ्यात फेज. स्टेजवर माइकला ओठ लागून शॉक बसलेले लोक मी बघितलेत. लूप तोडायचाच तर सिग्नलच्या वायरीत तोडा, अर्थमध्ये नाही. ऑडिओ आयसोलेटर मिळतो छोटा ट्रान्सफॉर्मरवाला, किंवा ऑप्टिकल (उजेडाने सिग्नल नेणारी केबल) वापरा, त्यात तारच नाही म्हटल्यावर लूप कुठून येणार.

गप्पिष्ट_गोवेकर

बरं बरं, लावतो परत पिन. फेणी चढली नव्हती, खरंच माहीत नव्हतं.

अवांतर_आजोबा

अवांतर : आमच्या काळी मर्फीचा रेडिओ घूं घूं करायचाच, त्याशिवाय चालू आहे हे कळायचं नाही. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घालून उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं काम माझ्याकडे असे. आता सोसायटीत तो खड्डा कुठे आहे हे सेक्रेटरीला तरी माहीत आहे का विचारा. बहुतेक त्यावर पार्किंग असेल.

मंद्रसप्तक

अपडेट. वायरमन येऊन गेला. बोर्डची अर्थ उत्तम, बल्ब लख्ख पेटला (आमच्याकडे आरसीसीबी नाही, त्यावरून त्याने वेगळं बोलणं ऐकवलं, ती बसवणार आहे). मग कॉर्ड तपासली. पीं नाही!! परत बघितलं, नाहीच. माझ्या डोळ्यांसमोर त्याने ती मधोमध कापली. काळं जाड कव्हर, बाहेरून एकदम दणकट, आत दोनच वायरी, तपकिरी आणि निळी. हिरव्या-पिवळीचा पत्ताच नाही, तिच्या जागी पांढरा सुताचा धागा भरलेला. आणि ज्या दोन होत्या त्यांची तार चाकूने खरवडली तर आत पांढरी, म्हणजे तांबं नुसतं वरवर, आत अ‍ॅल्युमिनियम. वर आयएसआयचा शिक्का नाही, चौरस मिमीचा आकडा नाही, काही नाही.

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानातून आयएसआय मार्कची तीन वायरींची कॉर्ड आणली, दोनशेच्या आत. लावली. झिणझिण्या गेल्या, घूं जवळजवळ गेला, पंचम शांत! माउसची किरकिर मात्र आहे तश्शी आहे.

कानसेन_कोल्हापूरकर

म्हंजे कॉर्ड बदलून आवाज सुधारला!!! आता बोला की एसएमपीएसवाले. नाद खुळा.

एसएमपीएसवाला

हा हा. मान्य, कॉर्ड बदलली आणि आवाज सुधारला. पण दोनशे रुपयात, आणि सुधारला तो हिरव्या-पिवळ्या वायरीमुळे. त्या ११ हजारवालीनेही एवढंच केलं असतं, आणि मग मंद्रसप्तक जन्मभर सोन्याच्या मुलाम्याची आरती ओवाळत बसले असते. निम्मे "कॉर्ड बदलली आणि पडदा उठला" छापाचे अनुभव असेच होत असणार असा मला दाट संशय आहे. जुनी कॉर्ड फुसकी किंवा सॉकेटमध्ये सैल, नवी घट्ट. श्रेय मात्र क्रायो ट्रीटमेंटला (तार अतिथंड करून 'सुधारण्याला').

ट्रॅक_तिसरा

किरकिरीसाठी पुढच्या जॅकमधून वायर काढा आणि मागच्या हिरव्या जॅकला लावा. पुढचा जॅक मदरबोर्डच्या ऑडिओ हेडरपर्यंत एका बारीक वायरीने जोडलेला असतो, ती कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड आणि पंख्यांच्या शेजारून फिरत येते आणि वाटेत सगळं गोळा करते. तरी राहिली तर मागे ऑप्टिकलचं चौकोनी भोक आहे का बघा, झाकणातून लाल उजेड दिसतो. असेल तर ऑप्टिकल घेणारा साधा डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी डबी) घ्या. यूएसबी डॅकही चालेल, पण यूएसबीच्या वायरीतून ग्राउंड सोबत येतो, त्यामुळे कधीकधी किरकिर पण पाहुणी म्हणून येते.

मंद्रसप्तक

मागे लावली. ऐंशी टक्के गेली. ऑप्टिकलचं भोक आहे, लाल उजेड दिसतोय, डॅक मागवतो. सौ. विचारतेय उरलेल्या पैशांचं काय, मी जवारी म्हणालो आणि फसलो.

शिकाऊ_शिवांगी

एक शंका, माझा लॅपटॉप चार्जरवर असताना हेडफोनमध्ये घूं नाही पण स्पीकरला लावला की येतो, चार्जर काढला की बंद. चार्जर दोन पिनचाच आहे. मग अर्थ कुठून आली?

एसएमपीएसवाला

अर्थ स्पीकरकडून, त्याची पिन तीनची असणार. दोन पिनच्या चार्जरमध्येही एक छोटा कपॅसिटर असतो त्यातून तसाच गळका करंट, आणि त्याला तुमच्या स्पीकरची अर्थ सापडली. हेडफोन कशालाच जोडलेले नाहीत म्हणून तिथे शांतता. रियाजापुरतं बॅटरीवर चालवा, नाहीतर तो आयसोलेटर, वर ताईंनी सांगितलाय.

कानसेन_कोल्हापूरकर

बरं ते असू द्या. ताई, ते लॅपटॉप-इंटरफेसवालं रेकॉर्डिंग मी करतो. माझी जाड कॉर्ड आणि भाच्याच्या पीसीची साधी, दोन्ही लावून, मालकंसाचा एकच तुकडा. रविवारी फायली टाकतो हितंच. ऐकून सांगा सगळ्यांनी.

ट्रॅक_तिसरा

चालेल! पण साधी कॉर्ड आधी पीं वाजतेय ना तपासा, व्हॉल्यूमला मधे हात लावू नका, आणि फायलींना फक्त अ आणि ब नाव द्या. कुठली कुठल्या कॉर्डची ते भाच्याला ठरवू दे आणि त्याने ते मला व्यनि (खाजगी निरोप) करावं, तुम्हाला सांगायचं नाही. तुम्हीही ऐकणाऱ्यांतच बसायचं.

खमंग_चकली

पॉपकॉर्न संपले. रविवारसाठी परत आणतो.